'डेल्टा फ्लायर्स' ऐकतंय का कुणी? (व्हॉयेजर पुन्हा बघणाऱ्यांचा धागा)

ओट्यावरचा_रेडिओ

लॉकडाउनमध्ये लागलेल्या सवयींपैकी माझी एकच टिकली. डालगोना कॉफी गेली, सूर्यनमस्कार गेले, बाल्कनीतली मेथीसुद्धा गेली. रात्रीची भांडी घासताना 'द डेल्टा फ्लायर्स' ऐकणं तेवढं राहिलं. परवा पहिल्या भागापासून तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा बायको म्हणाली, "त्या दोघांची नावं आता रेशनकार्डावर चढवून टाक." म्हणून हा धागा. इथे आणखी कुणी ऐकतं का?

ज्यांच्या कानावर हे नावच आलं नसेल त्यांच्यासाठी. 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' ही मालिका अमेरिकेत यूपीएन वाहिनीवर जानेवारी १९९५ ते मे २००१ अशी सात सीझन चालली. व्हॉयेजर नावाचं जहाज घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं, आणि परतीची वाट आहे ७५ वर्षांची. त्या जहाजाचा पायलट टॉम पॅरिस म्हणजे रॉबर्ट डंकन मॅकनील (रॉबी) आणि नवखा एन्साइन (सगळ्यांत खालच्या पदाचा अधिकारी) हॅरी किम म्हणजे गॅरेट वँग. या दोघांनी २०२० च्या मे महिन्यात पॉडकास्ट सुरू केला. दर खेपेला एक एपिसोड बघायचा आणि त्यावर गप्पा मारायच्या. नाव घेतलंय टॉमने मालिकेत स्वतः आखलेल्या छोट्या यानावरून. सुरुवातीला गोष्टीचा सारांश कवितेत असतो : गॅरेट हायकू करतो, रॉबी लिमरिक (पाच ओळींची गमतीदार कविता). दोन्ही बहुतेक वेळा भयाण असतात. मला जाम आवडतात.

आता मुद्दा. मला हल्ली मालिकेपेक्षा पॉडकास्ट जास्त आवडायला लागलाय, आणि त्याचं कारण आहे हॅरी किम. एकाच सेटवर सात वर्षं काढलेली ही दोन माणसं. रॉबीला तिसऱ्या सीझनमध्ये दिग्दर्शन मिळालं, व्हॉयेजरचे चार भाग त्याने केले, आणि पुढे तेच त्याचं मुख्य काम झालं ('चक', 'रेसिडेंट एलियन' वगैरे). टिम रस आणि रोक्सॅन डॉसन या सहकलाकारांनाही दिग्दर्शन मिळालं. गॅरेटच्या सांगण्याप्रमाणे त्यानेही मागितलं होतं, त्याला मिळालं नाही. त्याचं पात्रही पहिल्या भागात एन्साइन होतं आणि शेवटच्या भागात एन्साइनच.

आणि हे दोघं वीस वर्षांनी शेजारी शेजारी बसून तेच एपिसोड बघतात. एक जण "इथे कॅमेरा का हलवला" हे सांगतो, दुसरा "या सीनमध्ये मला एकच वाक्य होतं" हे. हसत हसत सांगतो, पण मी नळ बंद करून ऐकतो.

तुमचं काय म्हणणं? आणि अशा पॉडकास्टसाठी आतली माणसं बरी की बाहेरची?

शनिवारपेठी

विषय छान, पण मी असहमत.

नटांनी स्वतःच्याच मालिकेवर केलेला पॉडकास्ट म्हणजे लग्नाचा अल्बम. पाहुण्यांना सोफ्यावर बसवायचं आणि पानं उलटायची. "हा बघा मी, किती बारीक होतो." "ही कोण? अहो ती मेकअपवाली, फार गोड मुलगी." अल्बम दाखवताना "जेवण मात्र अळणी होतं हो" असं यजमान कधी म्हणतो का?

परीक्षण हवं तर 'मिशन लॉग' ऐका. २०१२ पासून चालू आहे, मूळ मालिकेच्या पहिल्या एपिसोडपासून क्रमाने. या भागाला म्हणायचं काय होतं आणि ते आज टिकतं का, एवढं विचारतात. सेटवर कोण घसरून पडलं याच्याशी देणंघेणं नाही. आणि टवाळकी हवी असेल तर २०१६ पासूनचा 'द ग्रेटेस्ट जनरेशन' आहे. दोन्हीकडे नट नाहीत. मीठ खाल्लेलं नाही, म्हणून जीभ मोकळी.

कोथरूडचा_क्लिंगॉन

@शनिवारपेठी, 'मिशन लॉग' हा रॉडनबेरी एंटरटेनमेंटचा पॉडकास्ट आहे. म्हणजे स्टार ट्रेक ज्यांनी निर्माण केलं त्यांच्या मुलाची कंपनी. मीठ तेही खातात, फक्त घरचंच असल्यामुळे मोजत नाहीत.

शनिवारपेठी

मान्य. तरी त्यांचं जेवण अळणी नाही.

तांबडी_माती

रुमाल टाकून ठेवते. मुलाची परीक्षा संपली की सविस्तर लिहीन.

बे_एरिया_बापू

अरे वा, माझ्या आवडीचा धागा. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी '९८ च्या ऑगस्टमध्ये वायटूकेच्या लाटेत सनीव्हेलला येऊन पडलो. चार जणांत दोन बेडरूम, हॉलमध्ये कुणीतरी टाकून दिलेला सोफा आणि त्याच्यासमोर कुणीतरी टाकून दिलेला टीव्ही. बुधवारी रात्री व्हॉयेजर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा नागपूरचा रूममेट म्हणाला, "काऊन बे, यायचंही ग्रीन कार्ड अटकलं काय?" तेव्हापासून आमच्या घरात त्या मालिकेला 'ग्रीन कार्ड' असंच नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी गणित केलं : ७०,००० भागिले ७५, म्हणजे वर्षाला सुमारे ९३३ प्रकाशवर्षं. प्रकाशाच्या ९३३ पट वेगाने सतत चालत राहायचं, मध्ये कुठे दुरुस्तीला किंवा भाजी घ्यायला थांबायचं नाही, तेव्हा नातवंडं पोचणार. मी पाच वर्षांत परत जाणार होतो. सत्तावीस झाली.

असो. 'टाइमलेस' हा शंभरावा भाग मी त्या सोफ्यावर पहिल्या प्रसारणाला बघितलाय, नोव्हेंबर '९८. हॅरीच्या चुकलेल्या आकड्यांमुळे अख्खं जहाज बर्फात गाडलं गेलंय, तो आणि उपकप्तान चकोटे एवढेच जिवंत घरी पोचलेत, आणि पंधरा वर्षांनी तो ते आकडे दुरुस्त करायला परत आलाय. लव्हार बर्टनचं दिग्दर्शन. ज्यांना वाटतं गॅरेट वँगला अभिनय येत नाही त्यांनी हा एक भाग बघावा. जो माणूस सगळ्यांत आधी घरी पोचला, तोच म्हणतो की हे घर नको, मला परत पाठवा. चौघांपैकी कुणी काही बोललं नाही त्या रात्री. नागपूरकर उठून भात लावायला गेला.

रसायनवाली

बापू, भात लावायला गेला हे वाचून गलबलले.

गॅरेटच्या अभिनयाबद्दल एक गोष्ट इथे यायलाच हवी. निर्मात्यांनी मानवी पात्रांच्या नटांना सांगितलं होतं की भावना आवरत्या घ्या, सपाट बोला, म्हणजे परग्रहावरचे लोक जास्त जिवंत वाटतील. गॅरेट हे पुष्कळ ठिकाणी सांगतो. हे कळल्यावर मी पहिले दोन सीझन परत बघितले. नीलिक्स (परग्रहावरचा आचारी) आणि डॉक्टर (जहाजावरचा होलोग्राम) मोकळे सुटलेत, आणि मानवी मंडळी शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाई समोर बसल्यासारखी उभी आहेत. इतकी वर्षं मी हॅरीला 'लाकडी' म्हणत होते. तो आज्ञाधारक होता.

बाहेरचा समीक्षक 'लाकडी' म्हणून पुढे गेला असता. म्हणून माझं मत आतल्या माणसांना.

निवृत्त_स्केल_वन

नमस्कार मंडळी. मी स्टार ट्रेकवाला मूळ दूरदर्शनचा. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी मूळ मालिका लागायची, आमचे वडील स्पॉकला 'तो टोकदार कानाचा साहेब' म्हणत आणि त्याच्या शिस्तीची आम्हाला उदाहरणं देत. व्हॉयेजर मला मुलीने दाखवली, निवृत्तीनंतर. पॉडकास्टही तिनेच फोनमध्ये घालून दिला.

हॅरी किमबद्दल मला अधिकाराने बोलता येईल. मी एका बँकेत ३४ वर्षं काढली. आयडी बघा : स्केल वन म्हणजे बँकेतला सगळ्यांत खालचा अधिकारी.

प्रकरण असं आहे. सुरक्षा अधिकारी टूवॉकला चौथ्या सीझनमध्ये बढती. ठीक, ज्येष्ठ माणूस. टॉम पॅरिस आधी तुरुंगातून आलेला, तरी थेट लेफ्टनंट. पाचव्या सीझनमध्ये 'थर्टी डेज'मध्ये तो हुकूम मोडतो, एक पद खाली येतो, तीस दिवस कोठडीत बसतो. सहाव्याच्या शेवटी 'युनिमॅट्रिक्स झीरो'मध्ये त्याच्या खुर्चीवर एक छोटी डबी, आत त्याचं गेलेलं पद. आणि हॅरी शेजारून म्हणतो की माझ्या खुर्चीवर काही डबी दिसली नाही.

हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने कधीतरी आमच्या झोनल ऑफिसात काम केलेलं असणार. चार्जशीट झालेला माणूस सन्मानाने परत येतो, त्याला पेढे. जो निमूट काउंटर सांभाळतो त्याच्या फाइलवर 'पुढील वर्षी विचार व्हावा'. सात वर्षं स्केल वन! आमच्याकडे निदान युनियन तरी होती.

कोथरूडचा_क्लिंगॉन

काका, दंडवत!

पण तुमच्या केसमध्ये एक तांत्रिक अडचण आहे. दुसऱ्या सीझनमधला 'डेडलॉक' आठवा. जहाजाच्या दोन प्रती होतात. आपल्या जहाजावरचा हॅरी फुटलेल्या भिंतीतून अंतराळात ओढला जाऊन मरतो. दुसरं जहाज स्वतःला उडवून देतं, त्याआधी तिथला हॅरी तान्ह्या नेओमीला घेऊन इकडे येतो. म्हणजे तिथून पुढे पाच सीझन आपण बघतो तो मूळ हॅरी नव्हेच. मूळ हॅरी ऑन ड्यूटी गेला.

निवृत्त_स्केल_वन

तरीच! मग सेवेत खंड पडला. ज्येष्ठता नव्याने धरली जाणार. कॅप्टनची चूक नाही, नियमच तसा.

ओट्यावरचा_रेडिओ

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काका, हा प्रतिसाद गॅरेटला पाठवायला हवा.

त्याच्यासाठी (आणि तुमच्यासाठी) खुशखबर : 'लोअर डेक्स' या ॲनिमेशन मालिकेच्या पाचव्या सीझनमध्ये, २०२४ साली, समांतर विश्वांतल्या हॅरी किमांनी भरलेलं जहाज दाखवलंय. सगळे एन्साइन! फक्त एक लेफ्टनंट झालेला, आणि त्याच्यावरून रामायण. आवाज गॅरेटचाच. रॉबीलाही त्याच मालिकेने आधीच्या सीझनमध्ये बोलावलं होतं, निक लोकार्नो म्हणून. हा लोकार्नो म्हणजे त्याने १९९२ मध्ये 'नेक्स्ट जनरेशन' या आधीच्या स्टार ट्रेक मालिकेच्या एका भागात केलेला बिघडलेला कॅडेट, टॉम पॅरिस त्याच्याच साच्यातून निघाला. एकाला जुनं पाप परत मिळालं, दुसऱ्याला थकलेली बढती.

पन्हाळा_एक्सप्रेस

नाद खुळा धागा. पण एवढं सगळं झालं आणि 'थ्रेशोल्ड' कुणीच काढलं नाही? टॉम पॅरिस वॉर्प १० ला जातो, सरडा होतो, कॅप्टनलाही सरडा करतो, दोघांना पिल्लं होतात. आणि या भागाला एमी मिळालंय भावांनो, एमी!

रसायनवाली

मेकअपसाठी मिळालंय. आणि ते रास्त आहे, त्वचा सोलून निघते ते बघून मला जेवण गेलं नव्हतं. पटकथालेखक ब्रॅनन ब्रागानेच नंतर त्या भागावर पाणी सोडलंय. कल्पना अशी की वॉर्प १० म्हणजे अनंत वेग, एकाच वेळी विश्वात सगळीकडे असणं. इथवर मस्त. पुढे उत्क्रांती म्हणजे काहीतरी आधीच ठरलेला जिना आहे आणि माणूस वेगाने पळाला की तो त्यावरून धडपडत वर जातो, असं ज्याने लिहिलं त्याला दहावीच्या जीवशास्त्राला परत बसवावं.

अर्थात टॉमच्या पोरांना तिथेच चिखलात सोडून जहाज निघून जातं आणि पुढे कुणी त्यांचं नाव काढत नाही, हे मला विज्ञानापेक्षा जास्त खटकतं.

पन्हाळा_एक्सप्रेस

रेडिओभाऊ, पॉडकास्टात लिमरिक करतात म्हणालात. आपल्याकडे वात्रटिका असताना लिमरिक कशाला? घ्या :

टॉमरावांनी वेगाचा केला भलताच अट्टहास
एका दमात केला अख्ख्या विश्वाचा प्रवास
जीभ गळाली, केस गळाले
कॅप्टनसंगे चिखलात लोळले
पोरं तिथंच टाकून आले, पुढचा भाग झक्कास!

ओट्यावरचा_रेडिओ

रॉबीपेक्षा बरी आहे. शपथेवर सांगतो.

निवृत्त_स्केल_वन

आमचा झब्बू.

सात वर्षं राबून राबून थकला हॅरी किम
बढतीची त्याच्यासाठी नव्हतीच कुठली स्कीम
एक मेला, दुसरा आला
तोही एन्साइनच राहिला
वरून साहेब सांगतात, "अरे, आपण सगळे टीम!"

शनिवारपेठी

धागा भरकटला आहे. तरी भरकटायचंच असेल तर हायकूसुद्धा येऊ द्या, अर्धा पॉडकास्ट त्याचा आहे. शिरीष पैंनी मराठीत हायकू आणला तो काय वात्रटिकांच्या पंगतीत उपाशी बसवायला?

'टूविक्स'साठी :

परत दोघे
तिसऱ्याच्या खुर्चीला
अजून ऊब

अक्षरं मोजून घ्या. ५-७-५.

रसायनवाली

...

शनिवारपेठी, हे तुम्ही लिहिलंत? मी तुमच्याशी भांडायच्या तयारीत आले होते.

नवा_गडी_नवं_राज्य

टूविक्स काय प्रकरण आहे?

कोथरूडचा_क्लिंगॉन

अरे देवा. विचारलंस!

रसायनवाली

थोडक्यात सांगते, मग भांडते. टूवॉक (तर्कट, अबोल सुरक्षा अधिकारी) आणि नीलिक्स (बडबड्या आचारी) ट्रान्सपोर्टरमधून परत येताना एका ऑर्किडच्या विकरामुळे एकमेकांत मिसळतात आणि एकच माणूस बाहेर येतो. त्याला दोघांच्या आठवणी आहेत, पण तो स्वतंत्र आहे. स्वतःचं नाव ठेवतो, काम चोख करतो, स्वयंपाकही नीलिक्सपेक्षा बरा करतो. काही आठवड्यांनी दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते. तो म्हणतो, मला जगायचंय. डॉक्टर नकार देतो, कारण रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याला मारणं त्याच्या शपथेत बसत नाही. मग कॅप्टन जेनवे स्वतः बटण दाबते. दोघे परत येतात, ती खोलीबाहेर पडते, भाग संपतो.

खून आहे. माझं मत १९९६ पासून बदललेलं नाही.

बे_एरिया_बापू

ताई, कॅप्टनच्या जागी उभ्या राहून बघा. तिची दोन माणसं आहेत, त्यांना वाचवायचा उपाय हातात आहे. ती दोघं बोलू शकत नाहीत म्हणून त्यांचा हक्क संपला का? टूवॉकची बायको-मुलं घरी वाट बघताहेत.

रसायनवाली

बापू, विभागात माणसं कितीही कमी असली तरी आपण एका जिवंत माणसाचे अवयव काढून दोघांना लावत नाही.

कोथरूडचा_क्लिंगॉन

मला यात सगळ्यांत जास्त राग जहाजाच्या ब्रिजवर (नियंत्रणकक्षात) उभ्या असलेल्या बाकीच्यांचा येतो. टूविक्स एकेकाच्या तोंडाकडे बघतो, मदत मागतो. एक जण हलत नाही. आपला हॅरीसुद्धा.

शनिवारपेठी

आणि इथेच माझा मूळ मुद्दा येतो. या भागावर आतला माणूस काय बोलणार? त्या सीनमध्ये गप्प उभे राहिलेत तेच दोघं सूत्रसंचालक आहेत.

ओट्यावरचा_रेडिओ

हेच तर! बाहेरचा समीक्षक म्हणेल, 'पात्रं गप्प का राहिली याचं समर्थन संहितेत नाही.' बरोबर आहे, पण कोरडं आहे. हे दोघं तो सीन बघत असतात तेव्हा स्वतःलाच गप्प उभं असलेलं बघत असतात. अंगावर गणवेश, तोंडात एक वाक्य नाही. नट म्हणून त्यांना त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीची चिंता असेल, प्रेक्षक म्हणून आता लाज वाटते. ही दोन्ही एकाच माणसाच्या आवाजात ऐकायला मिळणं, मला तरी दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

तुमची अल्बमची उपमा मला पटलेली नाही असं नाही. पण काही अल्बम बघताना यजमान एखाद्या फोटोपाशी थांबतो आणि पान पटकन उलटत नाही.

रसायनवाली

टूविक्सवर हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

बे_एरिया_बापू

मला एक सांगा, मालिकेच्या शेवटी नीलिक्स आणि टूवॉक दोघंही जिवंत आहेत याचा आनंद तुम्हाला झाला की नाही?

रसायनवाली

झाला. म्हणून तर तो भाग इतका वाईट आहे. (हे खरंच शेवटचं.)

शनिवारपेठी

रेडिओ, अर्धा गुण देतो. उरलेला अर्धा मी रोनाल्ड मूरसाठी राखून ठेवलाय. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' प्रसारित होत असतानाच, २००५ पासून, तो दर भागावर घरी बसून एकट्याने बोलायचा आणि ते फुकट ऐकायला मिळायचं. हातात स्कॉच, मागे लायटरचा आवाज, मध्येच घरचे लोक येऊन जायचे. आणि माणूस स्वतःच्याच मालिकेबद्दल सांगायचा की हा प्रसंग फसला, इथे मी घाई केली. पुन्हा बघण्याचा पॉडकास्ट तो नव्हे, पण या सगळ्यांचा आजोबा तोच.

आणि योगायोग बघा, गॅलॅक्टिकाच्या आधी मूर व्हॉयेजरच्या सहाव्या सीझनला थोडे दिवस लेखक होता आणि सोडून गेला. व्हॉयेजरबद्दल त्याची तक्रार तीच जी माझी : जहाज घरापासून इतकं लांब, रसद नाही, तरी दर आठवड्याला नवंकोरं. पहिल्या सीझनमध्ये सांगतात की ३८ टॉर्पेडो आहेत आणि नवे बनवता येत नाहीत. लोकांनी मोजलेत, ३८ च्या कितीतरी पुढे गेले. मूरने मग स्वतःच्या मालिकेत प्रत्येक गोळी आणि प्रत्येक माणूस मोजला. उरलेल्या माणसांचा आकडा शीर्षकातच टाकला.

कोथरूडचा_क्लिंगॉन

+१. 'इयर ऑफ हेल'चंही तेच. ब्रागाला ते पूर्ण सीझनभर चालवायचं होतं, जहाज हळूहळू मोडत जाताना दाखवायचं होतं. मिळाले दोन एपिसोड. आणि शेवटी वेळेचं चाक उलटं फिरवून सगळं जैसे थे. वाहिनीला कुठलाही भाग कुठूनही बघता यायला हवा होता.

अवांतर : कुणी एचडीत शोधत असाल तर थांबा, ते नाही. चित्रीकरण फिल्मवर झालं, पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट व्हिडिओवर. 'नेक्स्ट जनरेशन'ची मूळ फिल्म परत स्कॅन करून सगळं नव्याने जोडलं तसं इथे अजून झालेलं नाही. त्यामुळे आपण सगळे तोच धुरकट व्हॉयेजर बघतोय. जेरी गोल्डस्मिथचं शीर्षकसंगीत मात्र धुरातूनही लख्ख ऐकू येतं. माझी रिंगटोन आहे, स्मशानातही वाजलीय एकदा.

तांबडी_माती

परीक्षा संपली, आले.

तुमची तत्त्वचर्चा चालू द्या, मला नीलिक्सच्या स्वयंपाकघराबद्दल बोलायचंय. तो लिओला नावाचा कंद सगळ्यात घालतो आणि सगळे नाकं मुरडतात. आमच्याकडे कणगरं, करांदे उकडतात थंडीत, वरून नुसतं मीठ. मुंबईच्या भावजयी अशाच नाकं मुरडायच्या. आता त्याच फोन करून विचारतात, वहिनी करांदे पाठवणार का? लिओलाची चूक नाही, तो मसाले नीट घालत नसणार. दीडशे माणसांचं जेवण रोज, बाजार नाही, नारळ नाही. करून बघा म्हणावं.

आणि कॅप्टन कॉफीसाठी अख्खं जहाज तेजोमेघात घालते, त्यावर मात्र कुणी काही म्हणत नाही. साहेबाची कॉफी आणि आचाऱ्याचा कंद!

बाकी रेडिओ दादांशी सहमत. मी इस्त्री करताना ऐकते.

निवृत्त_स्केल_वन

करांद्यांचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

नवा_गडी_नवं_राज्य

मी स्टार ट्रेकमधलं काहीच बघितलेलं नाही. धागा वाचून उत्सुकता वाटली. कुठून सुरू करू? आधी पॉडकास्ट ऐकायचा की आधी मालिका?

शनिवारपेठी

पहिले तीन सीझन सोडा. चौथ्यापासून बघा, सेव्हन ऑफ नाइन हे पात्र आल्यावर मालिकेला कणा मिळतो.

रसायनवाली

अजिबात सोडू नका! आणि सुटा भाग हवा असेल तर सहाव्या सीझनमधला 'ब्लिंक ऑफ ॲन आय'. एका ग्रहावर काळ इतका भरभर चालतो की जहाजावर एक सेकंद म्हणजे तिथे जवळपास एक दिवस. व्हॉयेजर वर अडकलेली, आणि खालच्या लोकांना ती पिढ्यान्‌पिढ्या आकाशात न हलणारा तारा म्हणून दिसते. तिच्यावर गाणी होतात, खेळणी होतात, मग तिच्यापर्यंत पोचायला यानं. डॉक्टरला तीन सेकंदांसाठी खाली पाठवतात आणि परत आणायला १८ मिनिटं लागतात. १८ गुणिले ६०, म्हणजे १०८०. तो खाली तीन वर्षं राहून येतो. लेखकांनी इथे गणित चोख केलंय, 'थ्रेशोल्ड'चं पाप थोडं फिटलं.

ओट्यावरचा_रेडिओ

@नवा_गडी, आधी मालिका, पहिल्यापासून. 'केअरटेकर' हा दोन तासांचा पहिला भाग. बघताना एवढंच लक्षात ठेव की कॅप्टनच्या भूमिकेत आधी जेनेव्हिएव्ह ब्यूजोल्ड होती, ती दीड-दोन दिवसांत सेट सोडून गेली आणि केट मलग्रू धावत्या गाडीत चढावी तशी आली. कुठे जाणवतं का बघ. भाग झाला की त्याच भागाचा पॉडकास्ट ऐक. दोन भाग बघून दोन ऐकू नकोस, मजा जाते.

या दोघांनी व्हॉयेजर संपवून पुढे 'डीप स्पेस नाइन' ही दुसरी स्टार ट्रेक मालिका घेतलीय, आर्मिन शिमरमन आणि टेरी फॅरेल यांच्याबरोबर. म्हणजे घाई कसलीच नाही.

बाकीच्यांसाठी : शनिवारी रात्री तिसऱ्या सीझनमधला 'द शूट' बघू या का सगळे आपापल्या घरी? टॉम आणि हॅरी परक्या तुरुंगात, उपाशी, डोक्यात राग भरणारं यंत्र बसवलेलं, आणि हॅरीच्या हातात दांडका. दिग्दर्शनाची तक्रार नाही, बढती नाही, दोघांत एक घोंगडं. मग पॉडकास्ट ऐकून इथे भेटू. शनिवारपेठी, तुम्हीही.

शनिवारपेठी

बघेन. पॉडकास्टचं वचन देत नाही.

पन्हाळा_एक्सप्रेस

मी वात्रटिका घेऊन येतो.

तांबडी_माती

शनिवारी इस्त्री नसते, पण काढते.

नवा_गडी_नवं_राज्य

काल रात्री 'केअरटेकर' बघितला. कॅप्टन आवडली, धावत्या गाडीत चढल्यासारखी वाटली नाही. हॅरी तर फारच आवडला, किती उत्साही पोरगा आहे, लवकर वर जाईल असं वाटतं.

वरचे मधले प्रतिसाद मी मुद्दाम वाचलेले नाहीत. पुढे काय होतं ते कृपया कुणी सांगू नका.

निवृत्त_स्केल_वन

नाही सांगत, बाळा.